एका इंजिनाचे शेवटचे आठ तास

एमजीएफ ही दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९९५ साली जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली. तिचं इंजिन सीटांच्या मागे, रेडिएटर पार पुढे नाकापाशी, आणि दोघांना जोडणारे पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून गेलेले. या गाडीचं नाव काढलं की इंग्लंडमधला मेकॅनिक पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच म्हणतो, हेड गॅस्केट. ते, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, उडालं की मालक कंपनीला शिव्या घालतो आणि विषय संपतो. माझा अनुभव असा की बऱ्याच गाड्यांमध्ये हेड गॅस्केट सगळ्यात शेवटी जातं. मूळ गळती दुसरीकडेच असते, स्वस्त असते, आणि गाडी ती तासन्‌तास सांगत असते.

खालचा घटनाक्रम एकाच गाडीचा नाही. जुन्या एमजीएफचं दुखणं ज्या क्रमाने वाढतं तो क्रम मी ऑगस्टमधल्या एका शनिवारात बसवला आहे. चालक कोणीही धरा. रस्ता मात्र खरा आहे: बर्मिंगहॅमहून एम-५ मोटरवेने दक्षिणेला, ब्रिस्टल ओलांडून सॉमरसेटमध्ये, आणि शेवटी एक्समूरच्या पठारावर चढणारा पोरलॉक हिल. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर.

सकाळी ६.१० (८ तास १० मिनिटं बाकी)

बर्मिंगहॅमचा दक्षिण भाग. ही गाडी जिथे जुळवली जायची तो लाँगब्रिजचा कारखाना इथून जवळच. चालक डिकी उघडतो, पुढच्या कडेची जाळी उचलतो आणि कूलंटच्या टाकीत डोकावतो. पातळी खालच्या खुणेच्या बोटभर खाली. पंधरा दिवसांपूर्वीही अशीच होती. तेव्हा घातलं तसं आजही तो नळाचं अर्धा लिटर पाणी घालतो, झाकण पिरगाळून बसवतो आणि बॅग भरायला जातो.

हा सगळा प्रकार मिनिटाभराचा, पण दिवसाचा निकाल इथेच लागू शकला असता. कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते. निरोगी गाडीत वर्षभर पाणी घालावं लागत नाही. ‘गाडी थोडं पाणी खाते’ असं आपण सहज म्हणतो. पण गेलेलं पाणी कुठेतरी गेलेलं असतं, आणि जायला वाटा तीनच. एक, बाहेर: होज पाइप, रेडिएटर, वॉटर पंप, पोटाखालचे पाइप. दोन, गाडीच्या आत, हीटरच्या जाळीतून पायाखालच्या कार्पेटमध्ये. तीन, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. कोणत्या वाटेने गेलं हे ठरवल्याशिवाय पाणी घालणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

ठरवायची रीत जुनी आणि सोपी आहे. इंजिन थंड असताना टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, साधारण १ बार दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. दाब उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं. ओला थेंब दिसेलच असं नाही. तापलेल्या ब्लॉकवर पडलेला थेंब वाळून जातो आणि मागे कूलंटच्या रंगाची खपली उरते. या इंजिनात ती खपली हमखास शोधावी अशी एक जागा आहे: इनलेट मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं गॅस्केट. तिथून हवेसोबत कूलंटचाही मार्ग जातो. वर्षानुवर्षं तापून-निवून ते गॅस्केट कडक होतं आणि पाझरायला लागतं. पाझर मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, म्हणजे नेमका वरून डोकावणाऱ्याला न दिसणारा. आपल्या गाडीत तेच चाललं आहे.

६.३५ (७ तास ४५ मिनिटं)

गाडी पहिल्या चावीला चालू होते. एकही सिलिंडर चुकत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर नाही. हे लक्षात ठेवा. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी झिरपलं असतं तर सुरुवातीची काही सेकंदं इंजिन अडखळलं असतं. सकाळी साडेसहाला हेड गॅस्केट धडधाकट होतं.

(तो लोण्यासारखा थर दिसला म्हणून लगेच घाबरूही नये. थंडीत फक्त किलोमीटर-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वाफ साचूनही तो धरतो. डिपस्टिकवरही तोच चिकटलेला असेल तर मात्र गंभीर.)

७.१५ (७ तास ५ मिनिटं)

एम-५. छप्पर उघडं, वारा मुबलक, टेम्परेचरचा काटा मधोमध. या तासात काही घडत नाही, तेव्हा इंजिनाबद्दल बोलून घेऊ.

हे रोव्हरचं के-सिरीज इंजिन. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते बाजारात आलं तेव्हा १.१ आणि १.४ लिटरचं होतं, आणि हुशारीने आखलेलं होतं. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. हेडपासून थेट खालच्या ऑइल रेलपर्यंत जाणारे दहा लांबलचक बोल्ट सगळे थर एकत्र आवळून धरतात. पोटात पाणी मुद्दाम कमी ठेवलेलं, म्हणजे इंजिन लवकर तापावं आणि पेट्रोल वाचावं. पुढे हेच इंजिन वाढवत वाढवत १.८ लिटरपर्यंत नेलं. एमजीएफमध्ये ते १२० हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, व्हीव्हीसी प्रकारात १४५. लोटस एलिझने हेच घेतलं, लँड रोव्हर फ्रीलँडरनेही.

ताकद वाढली, धातू आणि पाणी त्या मानाने वाढलं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर बसवलेले. त्यांच्या कडा ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या वर असाव्या लागतात, तरच गॅस्केट नीट दाबलं जातं. मूळचं गॅस्केट म्हणजे स्टीलचा पत्रा आणि त्यावर रबरासारख्या इलॅस्टोमरच्या रेघा. हेड ब्लॉकवर जागच्या जागी धरणाऱ्या दोन छोट्या खुंट्या काही वर्षं प्लास्टिकच्या होत्या. तापल्यावर त्या नरम पडतात आणि हेडला किंचित सरकायची मुभा मिळते.

सर्वांत वादग्रस्त जागा थर्मोस्टॅटची. बहुतेक इंजिनांत तो पाणी बाहेर पडतं तिथे असतो; इथे तो पाणी आत शिरतं त्या बाजूला आहे. रेडिएटर पार पुढे, मधे लांब पाइप. त्यामुळे थर्मोस्टॅटला बातमी उशिरा कळते, आणि तो उघडला की नाकाकडचं गार पाणी एकदम तापलेल्या इंजिनात घुसतं. पाणी पुरेसं असेल तर इंजिन हे निमूट सोसतं. वर्षानुवर्षं सोसलेली इंजिनं मी पाहिली आहेत. पाणी कमी झालं की तापमानाचा प्रत्येक हेलकावा मोठा होतो.

जाता जाता: ही गाडी बनवणाऱ्या एमजी रोव्हर कंपनीने २००३ मध्ये टाटांची पुण्यात बनलेली इंडिका ‘सिटीरोव्हर’ नावाने इंग्लंडमध्ये विकायला घेतली होती. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हरचं दिवाळं निघालं आणि तो संसार संपला. पुढे २००८ मध्ये लँड रोव्हर टाटांकडे आली, पण तोवर के-सिरीजचं आयुष्य जवळजवळ सरलं होतं.

८.५० (५ तास ३० मिनिटं)

मायकलवुड सर्व्हिसेस. कॉफी. गाडी बंद करून वीस मिनिटं. चालकाला वाटतं, इंजिन विसावा घेतंय. खरं तर गाडी बंद केल्यावर पंप थांबतो, धातूतली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते आणि दाब काही काळ वाढतो. पाझर याच वेळी जोर धरतो. इंजिनघरातला पंखा आपोआप गरगरतो तोही याचमुळे.

परत येताना चालकाच्या नाकाला गोडसर वास लागतो, सरबतासारखा. तो आजूबाजूच्या गाड्यांकडे बघतो. हा वास इथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे अँटिफ्रीझचा. गाडीखाली डबकं नाही, म्हणून तो निर्धास्त होतो. डबकं नसणार, थेंब ब्लॉकवरच वाळताहेत.

९.४० (४ तास ४० मिनिटं)

ब्रिस्टलच्या उत्तरेला, आल्मंड्‌सबरीला एम-४ आणि एम-५ एकमेकांना छेदतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी अर्धं इंग्लंड समुद्राकडे निघालेलं असतं आणि ते सगळं इथे अडकतं. गाड्या पावलापावलाने सरकतात. वारा थांबला, रेडिएटरचा पंखा लागला. काटा मधोमध.

या काट्याबद्दल कडक शब्दांत बोलायला हवं. अनेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी खालीवर झालं तरी तो मध्यावरून हलत नाही, कारण हलणारा काटा बघून गिऱ्हाईक शोरूमला फोन करतं. म्हणजे तो गिऱ्हाइकाला शांत ठेवतो. शिवाय पाण्याची पातळी किती हे त्याला ठाऊकच नसतं, आणि एमजीएफमध्ये पातळी घसरल्याचा इशारा देणारा दिवाही नाही.

एक फुकट तपासणी मात्र या क्षणी हाताशी होती: हीटर पूर्ण गरम करून पंखा लावणं. इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार हवा येत असेल तर तिथपर्यंत पाणी पोचत नाही. एक तर पातळी गेली आहे, नाहीतर सिस्टिमने एअर धरली आहे. ऑगस्टच्या उकाड्यात, ट्रॅफिकमध्ये, हीटर लावायचं कोणाच्या मनात येणार! थंडीत ही गाडी कदाचित वाचली असती.

११.०५ (३ तास १५ मिनिटं)

सेजमूर सर्व्हिसेस. वास आता नाकारता येत नाही. चालक टाकी बघतो: रिकामी. पंधरा-वीस मिनिटं थांबून तो झाकणाला फडकं गुंडाळतो आणि हळूहळू सोडतो. एवढी काळजी त्याने घेतली हे चांगलंच. कुकरची शिट्टी काढल्यावर जे होतं तेच इथे होतं. दाबाखाली ११०-११५ अंशांवर शांत असलेलं पाणी दाब सुटताच उकळी फुटून तोंडावर येतं.

पण पुढचं पाऊल चुकतं. तो दुकानातून गार पाण्याची बाटली आणतो आणि अजून कढत असलेल्या इंजिनात लिटरभर ओततो. आजच्या दिवसातला हा सर्वांत महाग लिटर. तापून फुगलेल्या अ‍ॅल्युमिनियमला एका बाजूने गार पाणी लागतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे लायनर एका गतीने आकसतात आणि भोवतीचा ब्लॉक दुसऱ्या. मधल्या गॅस्केटला दोन्ही ओढाताणी सोसाव्या लागतात.

दुसरं नुकसान कमी नाट्यमय आहे, तितकंच खोल. निम्मं पाणी निम्मं अँटिफ्रीझ हे मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाने १ बार जादा दाब धरला की १२५च्या पुढे जातं. आठवडोन्‌आठवडे नळाचं पाणी घालून हे मिश्रण पातळ झालं आहे. उकळायची मर्यादा खाली सरकली आहे.

तिसरं, एअर. एमजीएफमधली एअर काढायची तर एकाहून जास्त जागचे ब्लीड स्क्रू पाळीपाळीने सैल करावे लागतात. नुसतं टाकीत पाणी ओतून हवा निघत नाही; ती वरच्या वळणांत अडकून बसते, आणि सगळ्यात वर असतं हेड.

११.४० (२ तास ४० मिनिटं)

ब्रिजवॉटरला मोटरवे सोडून ए-३९. अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. काटा पहिल्यांदाच मध्याच्या वर चढतो. चालक वेग कमी करतो. दोन मिनिटांत काटा पुन्हा मध्यावर, मग मध्याच्याही किंचित खाली. सुटकेचा श्वास.

इथे गाडी बाजूला घेऊन बंद करायला हवी होती. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी ओसरून तो वाफेत किंवा हवेत आला की आकडा खोटा पडतो. चढलेला काटा विनाकारण उतरणं हे चढण्यापेक्षा वाईट लक्षण.

दुपारी १२.५० (१ तास ३० मिनिटं)

माइनहेड. समुद्रकिनारा, जेवण, गाडी तासभर उभी. परत आल्यावर चालक टाकी बघतो आणि त्याचा विश्वास बसत नाही: पातळी वरच्या खुणेपाशी! गळती थांबली, असं तो सोबत्याला सांगतो.

हेडमध्ये अडकलेल्या हवेने पाणी ढकलून टाकीत आणलं आहे. टाकी भरलेली आणि हेड कोरडं, असं एकाच वेळी असू शकतं. वरचा होज पाइप हाताने दाबून पाहिला असता तर तो पोकळ लागला असता. इथून टो ट्रक बोलावला असता तर एक दुपार फुकट गेली असती. मॅनिफोल्डचं गॅस्केट, नवं कूलंट आणि मेकॅनिकचे काही तास, एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं.

२.०८ (१२ मिनिटं)

पोरलॉक गाव. पुढे चढ, काही ठिकाणी चारात एक, म्हणजे चार मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. पायथ्याशी पाट्या आहेत: खालच्या गियरमध्ये चला. सौम्य चढाचा एक टोल रस्ताही आहे. स्पोर्ट्‌स कार घेऊन आलेला माणूस टोल भरून सौम्य रस्त्याने जात नाही.

आपल्याकडे खंबाटकीत किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या जुन्या पद्मिनी गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चढ आणि गरम इंजिन यांचं नातं समजावायला नको. ताकद पूर्ण लागते, उष्णता पूर्ण निघते, वेग मात्र इतका कमी की रेडिएटरला वारा नाही. फरक एवढाच की पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, जाडजूड; उकळली, थांबलो, पाणी घातलं, निघालो. ती सवय के-सिरीजला लावता येत नाही.

२.१४ (६ मिनिटं)

पहिलं तीव्र वळण, पहिला गियर. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या भिंतीपाशी पाण्याऐवजी वाफ आहे. वाफ पाण्याच्या तुलनेत उष्णता नेतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथला धातू काही मिनिटांत इतका तापतो की कारखान्यात उष्णता देऊन आणलेला त्याचा कडकपणा उतरू लागतो.

२.१७ (३ मिनिटं)

प्लास्टिकच्या खुंट्या नरम. हेड केसभर सरकतं. गॅस्केटवरची इलॅस्टोमरची रेघ सुटते आणि गॅस्केटच्याच सिलिंडरभोवतीच्या कड्याने तापलेल्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये खाच पाडलेली असते. एका सिलिंडरमधला ज्वलनाचा दाब, पन्नास बारच्या घरातला, पाण्याच्या मार्गात घुसतो. १ बारचं झाकण त्याला काय अडवणार.

२.२०

टाकीचं झाकण दाब सोडतं. इंजिन मागे असल्याने चालकाला हे सर्वांत शेवटी कळतं. पुढची काच स्वच्छ, आरशात पांढरा लोट, मागचा सायकलवाला हात हलवतोय. काटा आत्ता कुठे लाल पट्ट्यात गेला आहे. चालक गाडी बंद करतो.

नंतर

वर्कशॉपमध्ये पहिली चाचणी निळ्या द्रवाची: टाकीतली हवा त्यातून ओढली, जळलेला वायू असल्याने द्रव पिवळा झाला. हेड गॅस्केट गेलं, एवढं सिद्ध. बहुतेक ठिकाणी तपास इथे थांबतो. नवं गॅस्केट पडतं, पावती फाटते, आणि काही महिन्यांत तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, कारण मूळ गळती तशीच असते.

चांगला मेकॅनिक आणखी एक प्रश्न विचारतो: पाणी आधी कुठून गेलं? आपल्या गाडीत मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्याच्या खालच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा जाड थर निघाला. एकावर एक साचलेला, म्हणजे एका दिवसाचा नाही. पोटाखालचे मूळचे स्टीलचे पाइपही गंजून पापुद्रे सुटलेले होते, पण गळत नव्हते. या वयाच्या एमजीएफमध्ये ते बदलून स्टेनलेस घालावेत हे वेगळंच काम.

मग हेड. सरळ पट्टी ठेवून वाकलंय का ते बघितलं. थोडं वाकलेलं, फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, निघण्यासारखं. पण कडकपणाची चाचणी घेतल्यावर धातू मऊ पडलेला. मऊ हेडला कितीही फेसिंग मारा, कडं पुन्हा खाच पाडणार. दोन लायनरही पातळीपेक्षा खाली बसलेले. हेड बाद, ब्लॉक संशयास्पद, आणि इंजिन बदलायचा खर्च या वयाच्या गाडीच्या किमतीच्या वर.

हेड शाबूत असतं तर दुरुस्तीची रीत आता पक्की आहे: बहुपदरी स्टीलचं गॅस्केट, स्टीलच्या खुंट्या, मजबूत ऑइल रेल, दाबाला प्रतिसाद देणारा सुधारित थर्मोस्टॅट, आणि टाकीत पातळी घसरल्यावर ओरडणारा छोटा अलार्म. ज्यांच्याकडे अशी गाडी अजून चालती आहे त्यांनी अलार्म सगळ्यात आधी बसवावा. तोवर दर आठवड्याला इंजिन थंड असताना टाकी बघावी, आणि पातळी दुसऱ्यांदा उतरलेली दिसली तर पाण्याची बाटली बाजूला ठेवून दाबाची चाचणी करून घ्यावी.